चौथ्या डाऊनचा जुगार न्याय्य कधी?

प्रश्न : आम्ही सांगली-मिरजेतील काही मित्र ‘मॅडन’ या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेमवर ऑनलाइन लीग चालवतो. आमच्यातील एक जण स्वतःच्या २० यार्डांच्या रेषेवर (म्हणजे स्वतःच्या गोलरेषेपासून अवघ्या २० यार्डांवर) असला तरी चौथ्या डाऊनला, म्हणजे चौथ्या प्रयत्नात, पंट करत नाही (लाथेने चेंडू दूर प्रतिस्पर्ध्याकडे धाडत नाही), आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चौथ्या भागात) २८ गुणांची आघाडी असतानाही लांब पासच टाकत राहतो. त्याच्या परवाच्या विजयाचा निकाल रद्द करावा, असे काहींचे म्हणणे आहे. हे योग्य ठरेल काय?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्यांना एकच न्याय लावता येणार नाही.

दहा यार्डांसाठी चार प्रयत्न मिळतात व चौथा फसला की चेंडू त्याच जागी प्रतिस्पर्ध्याकडे जातो. प्रो कबड्डीतल्या ‘करो या मरो’ चढाईसारखाच हा प्रकार आहे. स्वतःच्या २० यार्डांवर तो फसला, तर प्रतिस्पर्ध्याला फील्ड गोलचे (लाथेने चेंडू गोलखांबांमधून मारण्याचे) तीन गुण जवळजवळ आयतेच मिळतात. एवढे नुकसान जो स्वतः पत्करतो, त्याच्या खेळाला फार तर अविचारी म्हणता येईल, अन्यायकारक नव्हे. २०१८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, फिलाडेल्फियाने गोलरेषेपासून एका यार्डावरून चौथ्या डाऊनला फील्ड गोल न घेता एरवी स्वतः पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅककडेच पास टाकवून टचडाऊन केला (चेंडू गोलरेषेपार नेला) आणि पुढे सामना ४१-३३ असा जिंकला, तेव्हा त्या धाडसाचे कौतुकच झाले. शिवाय खऱ्या सामन्यात क्वार्टर १५ मिनिटांचा असतो. तुमच्या लीगमध्ये तो बराच छोटा असेल, तर चेंडू हाती येण्याच्या संधी मुळातच कमी होतात आणि पंट करणे अधिक महाग पडते.

मात्र हा धोका खरा असला पाहिजे. संगणकाच्या ताब्यातील बचावपटू एखाद्या ठरावीक पासला दर वेळी चुकतात हे हेरून कोणी तोच डाव पुन्हा पुन्हा खेळत असेल, तर तो धोका पत्करत नसून गेममधील दोषावर गुण मिळवत आहे, आणि आक्षेप घ्यायचा तो येथे. म्हणूनच अनेक लीगमध्ये एकच डाव किती वेळा खेळावा यावर मर्यादा असते आणि पिछाडीवर असल्याखेरीज स्वतःच्या अर्ध्या मैदानात चौथ्या डाऊनला पंट टाळता येत नाही.

आघाडीबद्दल मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. २८ गुण म्हणजे प्रत्येक टचडाऊननंतरच्या लाथेने मिळणाऱ्या एकेका अतिरिक्त गुणासह चार टचडाऊन. क्वार्टरच्या सुरुवातीला खेळ चालू ठेवणे समजण्यासारखे आहे, परंतु शेवटच्या दोन मिनिटांत लांब पास टाकण्याचे कारण बहुधा सामन्याबाहेर असते. गेममधील फ्रँचायझी पद्धतीत (एकच संघ अनेक हंगाम चालवण्याच्या प्रकारात) खेळाडूंच्या आकडेवारीवर त्यांची प्रगती ठरते, त्यामुळे हरलेल्या संघाच्या जिवावर आपला क्वार्टरबॅक घडवून घेण्याचा मोह होतो. (हा मोह तक्रार करणाऱ्यांनाही होत नसेल, असे मानायला मी तयार नाही.)

निकाल मात्र रद्द करू नये, कारण त्या दिवशी मोडायला नियमच नव्हता. पुढील हंगामापूर्वी आघाडीची व वेळेची मर्यादा सर्वांच्या संमतीने लिहून काढावी. तोपर्यंत या गृहस्थांविरुद्ध चौथ्या डाऊनला दोनच यार्ड हवे असतील, तेव्हा बचावपटू मागे न ठेवता रेषेजवळ आणून पाहावेत.