जावई नवारो, गाव मुर्सिया, मग मूळ कुठलं?

प्रश्न : नमस्कार सर. आमची लेक बार्सिलोनाला नोकरीला आहे, मागच्या वर्षी तिनं तिथंच लग्न केलं, जावई स्पेनचा आहे, मुर्सिया म्हणून गाव आहे तिकडचा, पोरगा गुणी आहे त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण इकडं भावकीतले लोक विचारायलेत की कूळ काय, घराणं कोणतं. त्याचं आडनाव नवारो मार्तिनेझ, आता एका माणसाला दोन-दोन आडनावं कशी तेच आम्हाला कळंना. त्यात त्यानं लाळ देऊन डीएनए टेस्ट केली, रिपोर्टमधे स्पेन 80 टक्के, उत्तर आफ्रिका 6 टक्के, ज्यू 2 टक्के आणि बाकी इटली-फ्रान्स असं आलं. लेकीनं ते फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि तवापासून कुजबुज जास्तच वाढली. तर हे नवारो नक्की कोण?
(एक आई, अंबाजोगाई)

उत्तर : ताई, नवारो म्हणजे नवारा प्रांताचा माणूस, एवढाच सरळ अर्थ. आपल्याकडं लातूरकर, नांदेडकर, पैठणकर असतात तसं. नवारा स्पेनच्या उत्तरेला आहे, फ्रान्सच्या सीमेला लागून, पामप्लोना ही त्याची राजधानी, आधी ते वेगळं राज्य होतं आणि 1512 मधे शेजारच्या कॅस्टिल राज्याच्या ताब्यात गेलं. पण तुम्हीच सांगा, पैठणात राहणाऱ्या माणसाला पैठणकर कोण म्हणणार? तिथं सगळेच पैठणचे. तो गाव सोडून बीडला नाहीतर जालन्याला जाऊन राहिला की मग तिथले लोक म्हणतात, हा पैठणकर. नवारोचंही तसंच झालंय. हे आडनाव नवारामधे आहेच पण त्याची दाटी जास्त दिसते ती पार खाली, वालेन्सिया, अल्बासेते आणि तुमच्या जावयाच्या मुर्सियाकडं, म्हणजे आडनाव सांगतं ते हेच की कधीतरी कुणीतरी नवारा सोडून निघाला.

आणि कधी निघाला असेल त्याचाही अंदाज बांधता येतो. वालेन्सिया 1238 मधे आरागॉन या ख्रिस्ती राज्याच्या पहिल्या हाइमे राजानं मुस्लिम सत्तेकडून घेतलं, मुर्सियात 1266 ला त्याचीच फौज शिरली, आणि मग तिथं वस्ती करायला उत्तरेकडून लोक आणले, कॅटलान म्हणजे बार्सिलोनाकडचे, आरागॉनचे, कॅस्टिलचे, नवाराचे, त्यांना घरं आणि जमिनी वाटून दिल्या. कुणाला किती जमीन दिली याची वाटपाची दप्तरं आजही जपून ठेवलेली आहेत, आपल्याकडच्या इनाम-वतनाच्या कागदासारखीच म्हणा. जावयाचा कुणी पूर्वज त्या लोंढ्यात आला असणं अगदी शक्य आहे. पण एकच नवारो आला आणि त्याचेच सगळे वंशज असं मात्र नाही हं, वेगवेगळ्या गावात वेगवेगळ्या वेळी आलेल्या, एकमेकांशी काही नातं नसलेल्या माणसांना लोकांनी नवारो म्हटलं. आपल्याकडं जेवढे पाटील तेवढे सगळे एकाच रक्ताचे असं कुणी म्हणत नाही, कारण ते हुद्द्याचं नाव आहे, तसं हे प्रांताचं नाव. म्हणून भावकीला सांगा की नवारो हे कूळ नाही.

यावर स्पेनमधे संशोधनही झालंय. बापाकडून मुलाला आडनाव जातं आणि वाय क्रोमोझोम, म्हणजे डीएनएचा फक्त पुरुषांत असणारा तुकडा, तोही जातो, म्हणून दोन्ही जुळवून बघितलं. आडनाव दुर्मिळ असेल तर त्या माणसांचे वाय क्रोमोझोम बऱ्याचदा जुळतात, म्हणजे मूळ पुरुष एक असण्याची शक्यता चांगली. आणि आडनाव गार्सिया, मार्तिनेझ असं पसरलेलं असेल तर दोन गार्सिया हे रस्त्यावरच्या कुठल्याही दोन माणसांइतकेच परके निघतात.

आता दोन आडनावांचं. पहिलं बापाचं, दुसरं आईचं. म्हणजे जावयाच्या वडिलांचं आडनाव नवारो, आईचं मार्तिनेझ, आणि लग्न झालं म्हणून तिकडं बाई आपलं आडनाव बदलत नाही, मरेपर्यंत माहेरचंच राहतं, त्यामुळं तुमच्या लेकीनं बदललं नसेल तर त्यात वावगं काही नाही, तिथली रीतच ती आहे. 2017 पासून तर आईचं आडनाव आधी लावायचं का बापाचं हेही आईबापांनी मिळून ठरवायचं असतं. मला ही रीत मनापासून आवडते. माझ्या आजीचं माहेरचं आडनाव मला चाळिशीत कळलं, तेही एका शेताच्या जुन्या खरेदीखतात तिच्या भावाची सही सापडली म्हणून. आपल्या वंशावळीत बाया नुसत्या "पत्नी" म्हणून येतात, कुठून आल्या ते कुणी लिहूनच ठेवलं नाही. तिकडं निदान एक पिढी तरी आईचं नाव सोबत चालतं.

आणि आईचं नाव पुढं चालवणारे मोठमोठे लोक आहेत. चित्रकार वेलास्केझ, 1599 ला सेव्हिलमधे जन्मला, त्याच्या बापाचं आडनाव रोद्रिगेझ दे सिल्वा, वेलास्केझ हे आईचं. पिकासोचंही तेच, बाप रुइझ आणि आई पिकासो, आणि हे पिकासो मुळात इटलीकडचं आडनाव! आख्खं जग ज्याला स्पेनचा चित्रकार म्हणतं त्याचं आडनाव इटलीचं, यावरून समजून घ्या की आडनावावरून माणूस ओळखायला गेलं की कसं फसायला होतं.

मार्तिनेझ म्हणजे मार्तिनचा मुलगा. शेवटी "एझ" आलं की बहुतेक वेळा अमक्याचा मुलगा, पेद्रोचा पेरेझ, सांचोचा सांचेझ, रोद्रिगोचा रोद्रिगेझ. सुरवातीला हे दर पिढीला बदलायचं, आपण मधे बापाचं नाव लावतो तसं, मग मध्ययुगाच्या शेवटी शेवटी ते हळूहळू घट्ट झालं.

आता रिपोर्ट. ताई, ज्या 6 टक्क्यांवरून कुजबुज चाललीय ते स्पेनच्या माणसात सापडणं अगदी साधी गोष्ट आहे. 711 मधे उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम फौजा आल्या, त्यांचं शेवटचं राज्य ग्रानादा पडलं 1492 ला, म्हणजे जवळजवळ आठशे वर्षं दोन्हीकडची माणसं एकाच मातीत नांदली, लग्नं झाली, धर्मही बदलले. 2019 मधे स्पेनच्या चौदाशेच्या वर लोकांच्या डीएनएचा अभ्यास छापून आला, त्यात उत्तर आफ्रिकेचा अंश प्रांताप्रमाणे शून्यापासून 11 टक्क्यांपर्यंत निघाला. ज्यूंचंही तसंच, 1391 च्या ज्यूंविरुद्धच्या दंगलीनंतर हजारो ज्यू ख्रिस्ती झाले, 1492 ला राहिलेल्यांना हाकलून दिलं, जे थांबले ते बाप्तिस्मा घेऊन थांबले आणि बऱ्याचदा धर्मपित्याचं, म्हणजे बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून उभा राहणाऱ्याचं, नाहीतर गावाचं आडनाव लावून. 2008 च्या एका अभ्यासात स्पेन-पोर्तुगालच्या पुरुषांच्या बापाकडच्या ओळीत सरासरी 20 टक्के ज्यू आणि जवळजवळ 11 टक्के उत्तर आफ्रिकी वारसा असल्याचा अंदाज काढला होता. बापाकडची ओळ म्हणतोय मी, ती रिपोर्टमधल्या टक्क्यापेक्षा वेगळी मोजणी आहे, दोन्हीची तुलना करू नका. आणि डीएनएमधे धर्म, जात काही लिहिलेलं नसतं, फक्त आज त्या त्या भागात राहणाऱ्या लोकांशी किती जुळतं तेवढं कंपनी सांगते, ज्यांच्याशी जुळवलं ते नमुने बदलले की टक्केही बदलतात. सख्ख्या भावाचा रिपोर्टसुद्धा थोडा वेगळा येतो.

एक हिशोब भावकीला घालून बघा. दहा पिढ्या मागं गेलं, म्हणजे अडीचशे-तीनशे वर्षं, तर त्या एका पिढीत एका माणसाचे पूर्वज होतात 1024. त्यातला नवारो आडनाव घेऊन आलेला फक्त एक. उरलेले 1023 कोण होते? तुमच्या आमच्या घराण्यालाही हाच हिशोब आहे.

जावयाला खरंच खोलात जायचं असेल तर त्याला आजी-आजोबा चौघांची दोन्ही-दोन्ही आडनावं आणि गावं लिहून काढायला सांगा. स्पेनमधे सरकारी जन्म-लग्नाच्या नोंदी 1871 पासून आहेत, त्याच्या मागं चर्चची दप्तरं, 1563 ला कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेनं प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा आणि लग्नं लिहून ठेवायला लावली. 1936 च्या यादवीत कितीतरी चर्चची दप्तरं जळाली, त्यामुळं कुठं तरी साखळी तुटायची तयारी ठेवावी लागते. आपल्याकडं त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत नाव सापडलं की कसं भरून येतं, तसंच तिकडं त्या पानावर आजोबांच्या आजोबांचं नाव दिसलं की होतं. आणि लेकीला म्हणावं, जावई हे सगळं लिहील त्याच वहीत आपल्याकडच्या बायांची माहेरंही लिहून ठेव, तुमच्या आईचं, तिच्या आईचं, आठवतंय तोवर.

प्रश्न : मी परभणीची, सध्या दुबईत नर्स आहे. माझ्या वॉर्डात फिलिपिन्सच्या मैत्रिणी आहेत, आडनावं सांतोस, रेयेस, दे ला क्रूझ. दिसायला तर त्या अजिबात स्पॅनिश वाटत नाहीत. मग यांचे पूर्वज स्पेनचे का?

उत्तर : नाही, तिकडच्या स्पॅनिश आडनावांमागं बाप्तिस्मा आणि एक सरकारी यादी आहे. फिलिपिन्सवर 1565 पासून 1898 पर्यंत स्पेनचं राज्य होतं. लोकांना कायमचं आडनाव नसायचं, बाप्तिस्म्यानंतर जो तो सांतोस नाहीतर क्रूझ लावायचा, मग कर कुणाकडून घ्यायचा आणि कुणी भरलाय हेच कारकुनाला कळायचं नाही. म्हणून 1849 मधे क्लावेरिया नावाच्या गव्हर्नरनं हुकूम काढला, आडनावांची मोठी यादी छापली, अक्षरवार, हजारो नावांची, आणि गावोगाव पानं वाटली की यातनं घ्या. त्यामुळं काही गावात जवळजवळ सगळ्यांची आडनावं एकाच अक्षरानं सुरू व्हायची, अल्बाय प्रांतातल्या ओआस गावात र वरून. ज्यांच्या घरात चार पिढ्या एकच आडनाव चालत आलं होतं त्यांना ते ठेवू दिलं. तेव्हा तुमच्या मैत्रिणींचं आडनाव एखाद्या पूर्वजाच्या बाप्तिस्म्यातनं नाहीतर त्याच्या हातात पडलेल्या कागदावरनं आलेलं असू शकतं, रक्तातनं नाही. एक मात्र विचारा त्यांना, मधलं नाव कुणाचं? आपण मधे बापाचं नाव लावतो, त्या लावतात आईचं माहेरचं आडनाव.

प्रश्न : गोव्याचे फर्नांडिस आणि स्पेनचे फर्नांदेझ एकच का? (उदगीर)

उत्तर : शब्द एकच, फर्नांदोचा मुलगा. पोर्तुगीज "एस" लिहितात, स्पॅनिश "एझ". फर्नांदो हे नावसुद्धा मुळात लॅटिन नाही, रोमन सत्तेनंतर जर्मनिक टोळ्या तिकडं आल्या त्यांच्याकडून ते आलं. गोवा 1510 ला पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि नंतर बाप्तिस्मा घेणाऱ्याला धर्मपित्याचं नाहीतर पाद्र्याचं आडनाव मिळायचं, म्हणून एका गावात शंभर फर्नांडिस असतील तरी ते भाऊबंद असतीलच असं नाही, त्यांची जुनी घरं आणि आधीची आडनावं गावातल्या म्हाताऱ्यांना विचारली तर अजून कुठं कुठं कळतात.