कुत्रा कालपासून खात नाही, दोनदा उलटी झाली. दवाखान्यात न्यावं की एक दिवस वाट पाहावी? (इंदूर)

आधी त्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी आणि ओलसर असतील तर थोडा धीर धरायला हरकत नाही. बोटानं दाबून सोडा; पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या पांढुरक्या, निळसर किंवा पिवळ्या दिसल्या तर चप्पल घाला आणि निघा.

हे मी पोळून शिकलोय. रामबागेत राहायचो तेव्हा आमचा मोती असाच मलूल पडला. आई म्हणाली, उन्हाचं असेल, दहीभात द्या. दोन दिवस त्यातच गेले. निघाला गोचीड-ताप, आणि हिरड्या तोवर कागदासारख्या झाल्या होत्या. वाचला, पण सलाइनवर.

पिल्लू असेल, लस अपुरी असेल आणि उलटीसोबत रक्ताचे, घाण वासाचे जुलाब असतील तर पार्वो (विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार) धरून चाला, तासाभराचीही वाट नको. पोट टम्म फुगून नुसतेच उमासे, लघवी अडकणं, झटके, धाप, यांतही तेच. ताप गुदद्वारातून मोजा; १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल. नाक गरम-गार बघण्यात काही अर्थ नाही.

आणि घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम अजिबात देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी ठरू शकते.

जवळच्या डॉक्टरांनी हात टेकले तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच, पण निघण्याआधी फोन करा. उलटीचा फोटो काढून ठेवा. किळस येते, पण डॉक्टर पहिलं तेच विचारतात.