नॅनोकणांचं काम करायचंय? मग आधी पॉलिमर शीक

प्रिय विद्यार्थिनी,

रसायनशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेस. पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंच्या पदार्थाचं, आवरण चढवलेल्या नॅनोकणांपासून मजबूत, तरीही साच्यात घालून हवा तो आकार देता येणारं कंपोझिट, म्हणजे संमिश्र पदार्थ, बनतं, हे तू एका व्याख्यानात ऐकलंस आणि तेव्हापासून हेच काम करायचं तुझ्या मनात आहे. पुढचं शिक्षण नॅनोटेक्नॉलॉजीत घ्यावं की पॉलिमर सायन्समध्ये, असं तू विचारतेस. आणि वडिलांना काळजी आहे की अशा विषयात प्राध्यापकी सोडून दुसरं काय मिळणार.

माझं उत्तर पॉलिमर सायन्स. हा सल्ला या पदार्थाकडे नीट पाहिल्यावरच पटेल, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

प्लॅस्टिकमध्ये सिलिकासारखी कठीण भुकटी मिसळली की ते कडक होतं, हे जुनंच तंत्र. कण जितके बारीक तितकं त्यांचं पृष्ठफळ जास्त. 10 नॅनोमीटर व्यासाच्या सिलिका कणांच्या एका ग्रॅमला साधारण 270 चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे पॉलिमरला धरून ठेवायला प्रचंड जागा. अडचण अशी की हे कण एकमेकांनाच चिकटतात, त्यांच्या गाठी होतात आणि नेमक्या त्या गाठींपासून तडा सुरू होतो. त्यावर सुचलेला उपाय मला फार आवडतो. प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर पॉलिमरच्या साखळ्या एका टोकाने रासायनिक बंधाने बांधून टाकायच्या. मग कण आपलं प्लॅस्टिक स्वतःबरोबरच घेऊन येतो. वेगळं प्लॅस्टिक मिसळायची गरज उरत नाही आणि दोन कणांचे कठीण गाभे एकमेकांना भिडत नाहीत. अशी भुकटी तापवून साच्यात दाबली की आवरणं मऊ होऊन एकमेकांत मिसळतात. आवरण पॉलिस्टायरिनचं असेल तर त्यासाठी साधारण 100 अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं.

खरी परीक्षा यापुढे आहे. साखळ्या आखूड असतील तर शेजारच्या कणांच्या साखळ्या एकमेकींत गुंतत नाहीत. तुकडा कडक होतो पण ठिसूळ राहतो. लांब केल्या तर केसांसारखा गुंता होतो आणि तडा पुढे सरकायला त्याला तो गुंता ओढून सोडवावा लागतो, म्हणून पदार्थ चिवट होतो. पण मग कठीण भागाचं प्रमाण घसरतं. हिशेब स्वतः करून बघ. 10 नॅनोमीटरच्या कणावर 1 नॅनोमीटर जाडीचं आवरण असेल तर गाभ्याचा वाटा आकारमानाच्या सुमारे 58 टक्के. आवरण 2 नॅनोमीटर केलं की 36 टक्के. 5 केलं की जेमतेम साडेबारा. दुसरीकडे साखळ्या फार दाट लावल्या तर त्या पृष्ठभागाजवळ दाटीने ताठ उभ्या राहतात आणि शेजाऱ्यांच्या साखळ्यांना आत येऊ देत नाहीत. फार विरळ लावल्या तर उघडे पडलेले भाग पुन्हा एकमेकांना चिकटतात. मजबुती, चिवटपणा आणि साच्यात वाहण्याची क्षमता, या तिघांची ओढाताण साखळीची लांबी आणि दाटी या दोन गोष्टींवर मिटवायची असते. शिंपल्याच्या आतल्या चमकदार थरात सुमारे 95 टक्के खनिज असूनही तो त्या नुसत्या खनिजापेक्षा कितीतरी चिवट असतो. तिथवर पोचणं, आणि शिवाय साच्यात घालता येणं, हे या क्षेत्रातलं अजून न संपलेलं काम आहे.

आता बघ, या सगळ्यात कण किती आणि साखळी किती! कण बनवण्याच्या रीती बऱ्याच रुळल्या आहेत. बुद्धी लागते ती साखळीला. हवी तेवढीच लांब साखळी वाढवण्याचं एक नियंत्रित तंत्र 1995 मध्ये क्रिस्टॉफ मातियाशेव्स्की आणि मित्सुओ सावामोटो यांच्या गटांनी स्वतंत्रपणे मांडलं. आज कणाच्या पृष्ठभागावरून साखळ्या वाढवण्याच्या कामाचा ते मोठा आधार आहे. नॅनोटेक्नॉलॉजीच्या अनेक अभ्यासक्रमांत इलेक्ट्रॉनिक्स, औषधं, सेन्सर असं सगळं थोडं थोडं येतं आणि पॉलिमरचं भौतिकशास्त्र दोन-चार तासांत उरकतं. तुझं रसायनशास्त्र पक्कं आहे, त्यात पॉलिमरची खोली आली तर नॅनोचा भाग तू प्रकल्पात शिकशील. उलटा प्रवास मला जास्त अवघड वाटतो.

एक कमतरता मात्र भरून काढ. रसायनशास्त्राच्या मुलांना पदार्थ बनवता येतो, तो तुटतो कसा हे मोजता येत नाही. ताण, विकृती (ताणामुळे आकारात होणारा बदल), तडा जाण्याची ऊर्जा, वितळलेल्या पॉलिमरचं वाहणं हे विषय मेकॅनिकल किंवा मटेरियल्सच्या वर्गात जाऊन शिक, गुण मिळोत न मिळोत. आणि कोरड्या नॅनोभुकटीशी काम करताना फ्यूम हूड आणि योग्य मास्क याबाबतीत कुणाचंही ऐकून ढिलाई करू नकोस. इतके बारीक कण श्वासावाटे फुफ्फुसात खोल जातात.

वडिलांना सांग, उद्योग या विज्ञानावर केव्हापासून चालतो आहे. टायरच्या रबरात सिलिका घालतात तेव्हा तिच्या पृष्ठभागावर सिलेनची, म्हणजे सिलिका आणि रबर यांना जोडणाऱ्या रसायनाची, प्रक्रिया करतात. दातात भरायचं दाताच्या रंगाचं मिश्रण म्हणजे तशाच प्रक्रियेचे काच-सिलिकाचे कण आणि रेझिन. दंतवैद्य ते मऊ असताना आकार देतात आणि निळ्या प्रकाशाने कडक करतात. रंग, चिकटद्रव्यं, गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग, सगळीकडे कण आणि पॉलिमर यांच्या सीमेवर काम करणारी माणसं लागतात. पूर्णपणे आवरणधारी कणांचेच बनलेले पदार्थ अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आहेत, हेही त्यांच्यापासून लपवू नकोस. त्यावरच काम करायचं असेल तर पीएचडीची तयारी हवी. नुसत्या एमएस्सीवर उद्योगात गेलीस तर आधी फिलर (भर घालायची भुकटी), रबर, रेझिन हाताळशील, आणि ती शिदोरी पुढे संशोधनातही कामाला येते.

प्रवेश घेण्याआधी त्या विभागातल्या जुन्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचार: रिओमीटर (पदार्थाचं वाहणं मोजायचं यंत्र) आणि ताण मोजायचं यंत्र ते स्वतः चालवायचे, की नमुना तंत्रज्ञाकडे देऊन आलेख घेऊन यायचे? आणि शेवटच्या प्रकल्पात त्यांनी एखादा तरी तुकडा साच्यातून काढून स्वतःच्या हाताने तोडला होता का? उत्तरं कळव, मग दोन-तीन पर्यायांतून निवड करायला मी मदत करीन.