अथेन्सहून निघणाऱ्या क्रूझमध्ये तुर्कस्तानच्या कुशादासी बंदरात मिळणारा एक दिवस कसा घालवावा?

आपण लिहिल्याप्रमाणे जहाज सकाळी सातला कुशादासीच्या धक्क्याला लागणार आहे आणि संध्याकाळी सहाला सुटणार आहे, बरोबर सत्तरी ओलांडलेल्या आई आहेत, आणि एफेसस, मेरीमातेचे घर, शिरिंजे हे डोंगरातले गाव, बाजार आणि समुद्रकिनारा यांपैकी काय काय साधेल असा आपला प्रश्न आहे. या भागात मी जहाजानेही गेलो आहे आणि रस्त्यानेही. माझे स्पष्ट मत असे आहे की हा दिवस एफेससच्या प्राचीन नगरीला द्यावा, वेळ उरला तर जवळच्या सेल्चुक गावातल्या संग्रहालयाला द्यावा, आणि बाकीच्या ठिकाणांचा मोह सोडावा. पाच ठिकाणांना धावती भेट देणाऱ्या सहलीत एफेससच्या वाट्याला जेमतेम तास-सव्वा तास येतो, आणि तेवढ्यात ते शहर डोळ्यांसमोरून नुसते सरकून जाते.

त्याआधी व्हिसाचे पाहून घ्यावे, कारण भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांची अडचण बहुधा इथेच होते. ग्रीस शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि तुर्कस्तान त्याबाहेर. त्यामुळे कुशादासीला उतरून जहाज पुन्हा ग्रीक बेटावर गेले की शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश होतो. म्हणून शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचाच मागावा. तुर्कस्तानसाठी भारतीयांना व्हिसा लागतो. वैध शेंगेन, अमेरिकन, ब्रिटिश किंवा आयरिश व्हिसा असल्यास तो ऑनलाइन मिळू शकतो. बंदरात थोड्या वेळासाठी उतरणाऱ्या पर्यटकांना सूट देण्याची तरतूद तुर्की कायद्यात आहे, पण ती देणे बंदरावरच्या अधिकाऱ्यांच्या हाती असते आणि जहाज कंपन्यांच्या स्वतःच्या अटीही असतात. तेव्हा आपल्या कंपनीकडून याचे उत्तर लेखी घ्यावे.

आता एफेसस. धक्क्यापासून ते सुमारे वीस किलोमीटरवर आहे आणि मोटारीने अर्ध्या तासात पोहोचता येते. हे शहर स्वतःच एक मोठे बंदर होते, रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांताची राजधानी होते, आणि समुद्रमार्गे येणारा प्रवासी इथे उतरून थेट शहराच्या मुख्य रस्त्याला लागत असे. पुढे कुचुक मेंदेरेस नदीने आणलेल्या गाळाने हे बंदर हळूहळू बुजत गेले. वारंवार गाळ उपसूनही समुद्र मागे हटतच राहिला आणि आज तो तिथून पाच-सहा किलोमीटर दूर आहे. नाट्यगृहासमोरून सरळ जाणारा बंदररस्ता अजूनही आहे, दोन्ही बाजूंना खांबांचे अवशेष आहेत, रात्री तिथे दिवे लावले जात असल्याचा उल्लेख असलेला शिलालेखही सापडला आहे. पण त्या रस्त्याच्या टोकाला आता पाण्याऐवजी दलदल आणि झुडपे दिसतात. आपण जहाजाने येणार आहात, म्हणून नाट्यगृहाच्या वरच्या पायऱ्यांवर बसून हा रस्ता अवश्य पाहावा. सुमारे चोवीस-पंचवीस हजार लोक मावतील एवढे हे नाट्यगृह आहे. ख्रिस्ती धर्मप्रचारक सेंट पॉल याच्या उपदेशामुळे आर्टेमिस देवीच्या चांदीच्या प्रतिकृती विकणारे कारागीर चिडले आणि जमाव याच ठिकाणी गोळा होऊन दोन तास देवीचा जयघोष करीत राहिला, असे वर्णन बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या भागात आहे.

शहराला दोन दरवाजे आहेत, वरचा आणि खालचा. टॅक्सीवाल्याला वरच्या दरवाजाशी सोडायला आणि खालच्या दरवाजाशी थांबायला सांगावे, म्हणजे सगळी चाल उताराची होते. आईंच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. मात्र उतार सोपा असला तरी रस्ता संगमरवरी फरशीचा आहे आणि शतकानुशतकांच्या वर्दळीने ती फरशी गुळगुळीत झाली आहे. रबरी तळव्याचे बूट आणि हातात काठी असावी. सावली जवळजवळ नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीच्या वर जातो. जहाजावरून पहिल्या तासाभरात उतरून साडेआठच्या सुमारास आत गेलात, तर ऊनही सोसवते आणि मोठ्या गटांची गर्दी व्हायच्या आत सेल्ससचे ग्रंथालय शांतपणे पाहता येते.

त्या ग्रंथालयापुढे घाई करू नये. आशिया प्रांताचा राज्यपाल राहिलेल्या सेल्ससच्या स्मरणार्थ त्याच्या मुलाने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ते बांधायला घेतले, आणि सेल्ससची शवपेटी त्याच वास्तूच्या खाली आहे. आज उभा दिसणारा दर्शनी भाग ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी सापडलेल्या दगडांतून 1970 च्या दशकात पुन्हा उभारला. जवळ जाऊन नीट पाहिले तर लक्षात येते की मधले खांब कडेच्या खांबांपेक्षा मोठे आहेत आणि खालचा चौथरा मध्यभागी किंचित फुगवलेला आहे. दोन इमारतींच्या मधल्या अरुंद जागेत ही वास्तू रुंद दिसावी म्हणून केलेली ही युक्ती आहे. खालच्या कोनाड्यांतल्या चार स्त्रीमूर्ती नकला आहेत, मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत.

ग्रंथालयाजवळच उतारावरची श्रीमंतांची घरे आहेत. त्यांचे तिकीट वेगळे असते आणि म्हणूनच बहुतेक सहलींत ती गाळली जातात. मला विचाराल तर एफेससमधली सर्वांत मोलाची जागा हीच आहे. मुख्य तिकीटच 40 युरोच्या आसपास असल्याने आणखी पैसे मोजणे जिवावर येते हे खरे, तरीही ते मोजावेत. मोठ्या छपराखाली रंगीत भित्तिचित्रे, मोझेकच्या जमिनी, हमामासारखी तापवण्याची सोय आणि अंगणे दिसतात, आणि भिंतींवर घरातल्या माणसांनी खरडलेले खर्चाचे हिशेबही सापडले आहेत, त्यांत कांदा आणि जिरे यांच्या किमती आहेत. एका दालनात लांबलचक टेबलांवर फुटलेल्या संगमरवराचे असंख्य तुकडे मांडून ते जुळवण्याचे काम चाललेले असते. इथे पुष्कळ पायऱ्या चढाव्या लागतात, त्यामुळे आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खाली ग्रंथालयाजवळ सावली शोधून कोणाच्या तरी सोबतीने बसवावे आणि आळीपाळीने जाऊन यावे.

परतण्याआधी पाहण्याजोग्या सेल्चुकच्या संग्रहालयात 1956 मध्ये उत्खननात सापडलेल्या आर्टेमिसच्या संगमरवरी मूर्ती आहेत, आणि जागा आटोपशीर व थंड असल्यामुळे आईंना ती नक्की आवडेल. आर्टेमिसचे भव्य मंदिर, जे प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक मानले जाई, त्याचा आज तुकडे जोडून उभारलेला एकच खांब शिल्लक आहे. तो गाडीतून उतरून पाच मिनिटांत पाहता येतो. मेरीमातेच्या घराला श्रद्धेने जायचे असेल तर अवश्य जावे, 1967 पासून तीन पोप तिथे येऊन गेले आहेत, पण केवळ यादीतले एक ठिकाण म्हणून डोंगर चढू नये.

जहाजाची सहल घ्यावी की स्वतः जावे, याचे उत्तर आपल्या बाबतीत मला सोपे वाटते. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते, हा तिचा खरा फायदा. पण एफेसस इतके जवळ आहे की वेळेत परतण्याची चिंता फारशी उरत नाही, आणि चाळीस जणांच्या गटाच्या वेगाने आईंना चालवणे त्रासाचे होईल. परवानाधारक गाइड आणि गाडी आधीच ठरवावी, आणि ठरवतानाच दुकानांना भेटी नकोत असे स्पष्ट लिहून द्यावे. गालिच्यांच्या दुकानात कोषांपासून रेशीम काढणे आणि दुहेरी गाठ मारणे दाखवतात, ते कसब खरोखर पाहण्यासारखे आहे, परंतु त्यानंतर चहा देऊन विक्रीचे जे सत्र सुरू होते त्यात पाऊण तास सहज जातो.

जेवण सेल्चुकमध्ये करावे. शाकाहारी असाल तर पालक, चीज किंवा बटाटा भरलेले, पराठ्यासारखे गोझलेमे ताजे लाटून तव्यावर भाजून मिळते, आणि सोबतचे आयरान म्हणजे आपले घट्ट खारे ताकच. मसुरीच्या सूपमध्ये कधी मांसाचा रस्सा असतो, म्हणून मागवण्याआधी विचारावे.

शेवटी घड्याळाचे. तुर्कस्तानात 2016 पासून वर्षभर एकच वेळ चालते, ग्रीसमध्ये मात्र हिवाळ्यात घड्याळ एक तास मागे असते. आपली क्रूझ ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नंतर असेल तर मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवील आणि जहाज कदाचित दुसऱ्याच वेळेवर चालत असेल. उतरताना जहाजाच्या घड्याळातली वेळ आणि जहाजावर परतण्याची अंतिम वेळ दोन्ही कागदावर लिहून घ्यावी, दुपारी साडेतीनपर्यंत बंदरावर परत यावे, आणि मग हाताशी उरलेल्या वेळात धक्क्यापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर असलेल्या गुवेर्जिनअदाच्या किल्ल्यापर्यंत समुद्राकाठाने फेरी मारावी. ती वाट सपाट आहे आणि तिथे बसायला बाकेही आहेत.