'पार्टनर', 'जोडीदार' की 'आम्ही दोघी'?

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका तरुण लेखिकेने विचारले आहे, की ती लिहीत असलेल्या लघुपटात पुण्याला नोकरी करणारी मुलगी गौरी-गणपतीला आपल्या प्रेयसीला घरी घेऊन येते आणि आईशी तिची ओळख करून देते. त्या वाक्यात 'पार्टनर' ठेवावा, की 'जोडीदार', 'साथीदार', 'सहचरी' यांपैकी एखादा शब्द घ्यावा, आणि 'जोडीदार' घेतला तर बाईसाठी 'जोडीदारीण' म्हणावे लागेल काय.

शेवटच्या शंकेचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी. '-दार' हा फारसीतून आलेला प्रत्यय असून त्याच्या शब्दांना मराठीने '-ीण' लावून स्त्रीलिंगी रूपे केली. पण सुभेदारीण किंवा जमीनदारीण म्हणजे बहुधा त्या सुभेदाराची, त्या जमीनदाराची बायको. स्वतः अधिकार किंवा व्यवहार सांभाळणाऱ्या बाईला आपण आज आमदार, भागीदार, कर्जदार असेच म्हणतो आणि स्त्रीलिंग विशेषणातून व क्रियापदातून दाखवतो. त्याच चालीवर 'ती माझी जोडीदार आहे' हे वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे. 'जोडीदारीण' चुकीचे नाही, परंतु या प्रसंगात ते थोडे गमतीचे वाटेल.

'साथीदार' मात्र घेऊ नये. 'मुख्य आरोपी अटकेत, दोन साथीदार फरार' अशा बातम्यांनी तो शब्द पोलिसांच्या स्वाधीन केला आहे. 'सहचरी' कवितेत शोभते, स्वयंपाकघरात नाही.

'जोडीदार' या शब्दाचा विचार जरा सावकाश करायला हवा. आपल्या भागात तो लग्नाच्या बोलण्यांत येण्यापूर्वी शेतात आणि तालमीत राबलेला आहे. जोडीतला एक बैल दगावला की उरलेल्याला जोडीदार शोधावा लागतो. जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानात पैलवानांच्या ताकदीचा अंदाज घेऊन जोड ठरवतात, आणि जोड चुकीची लागली तर प्रेक्षकच आरडाओरडा करतात. म्हणजे या शब्दाच्या गाभ्याशी बरोबरी आहे. स्त्री-पुरुष असा भेद त्यात नाही आणि लग्नही नाही. 'अनुरूप जोडीदार हवा' असे वधू-वर सूचक मंडळांच्या जाहिरातींत इतक्या वेळा छापले गेले, की आता कानावर पडताक्षणी त्याचा विवाहाचा अर्थच पुढे येतो. तेवढ्यापुरता तो या कथेला सोयीचाही आहे. अडचण निराळीच आहे: हा शब्द लिहिण्याचा आणि भाषणाचा आहे. कोणतीही बाई आपल्या नवऱ्याची ओळख 'हे माझे जोडीदार' अशी करून देत नाही. ती 'आमचे हे' म्हणते. मग मुलीनेच आईसमोर 'जोडीदार' म्हटले, तर ती पत्रक वाचून दाखवते आहे असे वाटेल. लघुपटाच्या माहितीपत्रकात मात्र तो जरूर वापरावा. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या, भारतीय दंड संहितेतल्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, तरी १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. त्यामुळे कायद्याच्या भाषेत 'पत्नी' म्हणता येत नाही अशा नात्याला लेखी मराठीत 'जोडीदार' हाच सभ्य आणि नेमका शब्द उरतो.

संवादासाठी माझे मत 'पार्टनर'च्या बाजूने आहे, आणि ते इंग्रजीच्या प्रेमामुळे नाही. सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या भोवती भाड्याच्या खोल्या घेऊन राहणाऱ्या पोरापोरींनी 'रूम पार्टनर' हा शब्द घरोघरी पोहोचवला आहे. त्यामुळे मुलीने 'ही माझी पार्टनर' म्हटल्यावर आई सहजच म्हणेल, 'रूम पार्टनर व्हय? मग आधी आणायची न्हाई का घरला!' हा गैरसमज बाहेरून आणलेला नाही, तो शब्दातच आहे, आणि पटकथेला असा प्रसंग फुकट मिळत असताना तो शुद्ध मराठीच्या आग्रहापायी घालवू नये.

'मैत्रीण' या शब्दानेही गैरसमज होतोच, पण तो वेगळ्या जातीचा आहे. मुलगा 'माझी मैत्रीण' म्हणाला की घरातले कान टवकारतात. मुलगी तेच दोन शब्द बोलली की कोणाचे लक्षही जात नाही. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकात एका मुलीवर प्रेम करणारी नायिका सुमित्रा हिला सगळे 'मित्रा' म्हणतात, आणि शीर्षकातले षष्ठीचे रूप पुरुष मित्रालाही लागू पडते व त्या मुलीलाही. तेंडुलकरांच्याच कथेवरून रवी जाधव यांनी केलेल्या 'मित्रा' या लघुपटाला ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट लघुपटाचा मान मिळाला होता. थोडक्यात, मैत्रीच्या शब्दांत दडलेले हे दुसरे नाते मराठीने याआधी ओळखलेले आहे.

आता गैरसमज दूर करणारे वाक्य. तेथे नाम शोधण्यापेक्षा सर्वनामाकडे आणि संख्यावाचकाकडे वळावे. मराठीत 'दोघे', 'दोघी' आणि 'दोघं' अशी तीन रूपे आहेत, आणि नवरा-बायकोसाठी आपण 'आम्ही दोघं' म्हणतो. आईने एकदा 'लग्नाचं काय ठरवलंस?' असे विचारावे आणि मुलीने 'आम्ही दोघींनी ठरवलंय, आम्ही एकत्रच राहणार' असे उत्तर द्यावे. लग्नाच्या प्रश्नाला 'दोघींनी' हे उत्तर आले की अनुस्वारासकट सगळे कळते, आणि कोणालाही व्याख्या सांगावी लागत नाही.

याच लेखिकेने ओझरते विचारले आहे, की पुढच्या लघुपटातील पारलिंगी (ट्रान्सजेंडर) पात्राने 'मी आलो' सोडून 'मी आले' म्हणायला सुरुवात केली, तर प्रेक्षकांना बदल कळेल ना. पुण्यात लगेच कळेल. आपल्याकडे जपून, कारण सांगली-कोल्हापुरात बायकाही सर्रास 'मी येतो', 'मी आलो' म्हणतात. त्या पात्राची आई स्वतःच 'मी जरा मंडईला जाऊन येतो' म्हणणारी असेल, तर 'मी आले' हे स्त्रीचे बोलणे न वाटता शहराचे किंवा पुस्तकाचे बोलणे वाटण्याचा धोका आहे. अशा वेळी भार प्रथम पुरुषावर न टाकता इतरांनी त्या पात्राविषयी काय म्हटले त्यावर टाकावा: आजीच्या तोंडी 'तो कुठाय?'च्या जागी 'ती कुठाय?' आले, तर सांगलीच्या प्रेक्षकालाही शंका राहणार नाही.

पहिल्या कथेतील आत्याचा शेवटचा संवाद लेखिकेने 'तुझी पार्टनर बरी आहे ना?' असा लिहिला आहे. तो मी बदलेन. नवऱ्याचे नाव न घेता 'हे' म्हणणाऱ्या पिढीतली ही आत्या आहे. तिने फोनवर नुसते 'तुझी ती बरी हाय न्हवं?' विचारले, तर तिने त्या मुलीला कोठे बसवले आहे ते तिच्या वयाच्या प्रत्येक बाईला समजेल. फक्त संहितेत 'ती'ला अवतरणचिन्हे देऊ नयेत. ती दिसली की नटी त्या अक्षरावर उगाच जोर देते.