नाही म्हणता येतंय तोवर जा

प्रिय मुली,

कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या कातळात, साठवायचा तुझा आराखडा वाचला आणि सोबतचं पत्रही. "सर, शास्त्र आपल्या बाजूला आहे, पण बैठकीत एक आजोबा उठले आणि कोयनेचं काढून बसले, मग पुढे कुणी ऐकूनच घेईना." तुझी घालमेल कळली. पण त्या आजोबांना तू टिपणात 'विषयाबाहेरचे मुद्दे' या रकान्यात टाकलंस, ते मात्र मला मुळीच आवडलं नाही.

अगं, त्या संध्याकाळचा सर्वांत शास्त्रीय प्रश्न त्यांनीच विचारला. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी भरल्यावर काही वर्षांतच, ११ डिसेंबर १९६७ ला, कोयनेची जमीन हलली. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचं ते जगभर शिकवलं जाणारं उदाहरण आहे. भेगांमधला पाण्याचा दाब वाढला की अडून बसलेला खडक सरकू शकतो. तुम्हीही बेसॉल्टमध्ये दाबानेच वायू घालणार. मग आजोबा चुकले कुठे? त्यांना 'सगळं सुरक्षित आहे' हे उत्तर होत नाही. भूकंपमापक कुठे बसवणार, किती तीव्रतेचा धक्का नोंदला गेला की पंप बंद होणार, आणि बंद करा असं सांगायचा अधिकार कुणाचा, हे उत्तर.

पण ही उत्तरं तयार असूनही तुझी बैठक फसलीच असती. कारण तू फार उशिरा गेलीस. बोअरची जागा ठरली, यंत्राची ऑर्डर गेली, आणि मग तुला गावात पाठवलं. पत्रिका छापून झाल्यावर मुलीला पसंती विचारण्यातला हा प्रकार. गावाला नाही म्हणता येतंय तोवर जायचं असतं. त्यानंतर जे होतं ती फक्त माहिती देणं असतं, आणि लोकांना हा फरक खुर्चीवर बसायच्या आधी कळतो.

हॉलंडमधलं बारेंड्रेख्त तुला माहीत असेलच, पण नीट पाहा. रॉटरडॅमजवळचं शहर, त्याच्याखाली रिकामे होत आलेले दोन वायूसाठे, आणि शेलच्या रिफायनरीतला कार्बन डायऑक्साइड त्यात भरायची योजना. ज्या खडकाने लाखो वर्षं नैसर्गिक वायू धरून ठेवला तो हाही धरेल, हा युक्तिवाद भूशास्त्राच्या दृष्टीने भक्कम होता. लोक विचारत राहिले, आमच्याच घराखाली का? जागा आधीच ठरलेली असल्यामुळे त्याला कुणाकडे धड उत्तर नव्हतं. २००९ मध्ये सरकारने स्थानिकांचा विरोध डावलून निर्णय रेटला आणि पुढच्याच वर्षी, स्थानिक पाठिंबा अजिबात नाही म्हणून, तो मागे घेतला. आता तोच देश पोर्थोस प्रकल्पातून समुद्राखाली साठवण करायला निघालाय.

परदेशच कशाला, असं म्हणशील. पण तुझ्या आराखड्यात आइसलँडचं कौतुक दोन पानं आहे, म्हणून सांगतो. तिथल्या कार्बफिक्स कंपनीने बेसॉल्टमध्ये कार्बनचा दगड करून दाखवला, प्रयोगात दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक. त्याच कार्बफिक्सला आइसलँडमधल्याच हाफ्नारफ्योर्दुर शहरातला मोठा प्रकल्प २०२५ च्या जानेवारीत सोडावा लागला. युरोपातून जहाजाने वायू आणून वस्तीजवळच्या विहिरींतून खाली सोडायचा होता, आणि लोक उभे राहिले. हे तुझ्या दोन पानांत नाही. का नाही?

आणि 'अज्ञानातून आलेली भीती' हा शब्दप्रयोग आधी खोड. अमेरिकेत मिसिसिपीतल्या सटार्शिया गावाजवळ २०२० च्या फेब्रुवारीत कार्बन डायऑक्साइडची वाहिनी फुटली. वायू हवेपेक्षा जड, तो खाली साचला, गाड्यांची इंजिनं बंद पडली. सुमारे दोनशे लोकांना हलवलं, ४५ जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. तुमच्या बोअरपर्यंत वायू टँकरने येणार की वाहिनीने, हे तू गावाला सांगितलंस का? आराखड्यात तरी मला सापडलं नाही.

तू म्हणशील, पुढे जनसुनावणी आहेच. असू दे. ३० दिवसांची नोटीस, मराठीतला सारांश, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी. पण ती होते पर्यावरणावरच्या परिणामांचा मसुदा अहवाल तयार झाल्यावर, म्हणजे जागा ठरल्यावर. तिथे लोकांचं बोलणं नोंदवलं जातं, पण नुसत्या नकाराने प्रकल्प थांबत नाही. मी एका प्रकल्पात सुनावणीआधीच खरेदीखतं झालेली पाहिली आणि अहवालावर सही नाकारली. काम थांबलं नाही, शेजारच्या टेबलावरच्याने सही केली. माझी बढती मात्र गेली. अजूनही जुने सहकारी मला अडेलतट्टू म्हणतात. असेन. सही केली असती तर आज तुला हे पत्र कोणत्या तोंडाने लिहिलं असतं? खंत एवढीच की त्या गावाला हे कधी कळलंच नाही. तिथले लोक आजही मला कंपनीचाच माणूस समजतात.

तुला नोकरी सोड असं सांगत नाही, तुझं घर त्यावर चालतं. पण साहेबांना एवढं विचारायला नोकरी जात नाही: ग्रामसभा नको म्हणाली तर दुसरी जागा आहे का? असेल तर ती यादी घेऊन गावात जा. नसेल तर गोड बोलण्यासाठी माणूस हवा आहे आणि तो माणूस तू आहेस, एवढं समजून घे. पुन्हा सांगतो, कंटाळलीस तरी सांगतो: नाही म्हणता येतंय तोवर जा.

एक राहिलंच. कार्बफिक्सच्या पद्धतीत वायू पाण्यात विरघळवून सोडतात, एक टनाला साधारण २५ टन पाणी. तुझ्या गावात मार्चपासून टँकर लागतो आणि आराखड्यात पाण्याचा आकडा घनमीटरमध्ये, परिशिष्टात लपलेला. दहा हजार लिटरचे अडीच टँकर एका टनाला, असं पहिल्या पानावर लिही. पाणी परत वापरणार असाल तर किती, तेही लिही. खारं चालणार असेल तर तेही. दुसरी पद्धत असेल तर ती कोणती ते सांग. आजोबांचा प्रश्न मुख्य मजकुरात घे आणि सुधारलेला मसुदा मला धाड, साहेबांकडे जायच्या आधी.