देव न मानणाऱ्या ‘विच’ला मराठीत काय म्हणावं?

एका ताईंनी विचारलंय. त्यांची भाची इंग्लंडात शिकते. तिच्या खोलीत सोबत राहणारी मुलगी स्वतःला ‘सेक्युलर विच’ म्हणवते. पौर्णिमेला मेणबत्ती लावून बसते, तमालपत्रावर इच्छा लिहून ते जाळते, उंबऱ्यावर मिठाची रेघ ओढते. पण देव मानत नाही, कुठल्या पंथातही नाही. ताईंना तिच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहायचा आहे. ‘धर्मनिरपेक्ष चेटकीण’ एवढं लिहून त्या अडल्या आहेत.

अडल्या ते बरंच झालं. दोन्ही शब्दांत अडचण आहे, आणि चेटकिणीतली जास्त गंभीर आहे.

इंग्रजीतही ‘विच’ हा शब्द शतकानुशतकं दुसऱ्या बाईवर करायचा आरोपच होता. ब्रिटनमधला 1735चा ‘विचक्राफ्ट’विषयीचा कायदा 1951 साली रद्द झाला, 1954 साली जेराल्ड गार्डनर यांनी आपल्या पुस्तकातून विक्का पंथ लोकांपुढे आणला, आणि हळूहळू माणसं उघडपणे ‘मी विच’ म्हणू लागली. (विक्का हा धर्म आहे, त्यात देव आहे, देवी आहे. ताईंनी सांगितलेली मुलगी त्यात बसत नाही, म्हणून लेखात तो शब्द नको.) तिकडे शिवीचं असं स्वतःचं नाव झालं. आपल्याकडे झालेलं नाही. ‘मी चेटकीण आहे’ असं मराठीत कोणी म्हणत नाही. चेटकीण नेहमी दुसरी कोणीतरी असते. गोष्टीतली चेटकीण मुलांना घाबरवते एवढंच, पण नंदुरबारकडे सातपुड्याच्या पट्ट्यात ‘डाकीण’ ठरवलेल्या बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. हे आजचं आहे. म्हणून हा शब्द गंमत म्हणून कुणाला चिकटवायला माझा हात धजत नाही.

‘जादूटोणा’ही टाळावा. दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013ला झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्या कायद्याच्या लांबलचक नावात नरबळी आणि अघोरी प्रथांच्या जोडीला ‘जादूटोणा’ आहे. तेव्हापासून ‘ती जादूटोणा करते’ हे वाक्य पोलिसातल्या तक्रारीसारखं वाजतं, आणि तमालपत्र जाळणाऱ्या मुलीवर ते अन्यायाचं आहे.

मग उरतं काय? इथे मला आमच्या आजीची आठवण येते. आम्हा मुलांपैकी कोणी किरकिर करायला लागलं की ती मुठीत मीठ, मोहऱ्या आणि दोन-तीन लाल मिरच्या घ्यायची, डोक्यावरून पायापर्यंत तीनदा उतरवायची, तोंडाने ‘आल्यागेल्याची, पाप्याची, शेजारपाजारची’ असं पुटपुटायची आणि मूठ चुलीत टाकायची. मोहऱ्या तडतडायच्या. मिरच्यांचा खाट उठला नाही तर म्हणायची, ‘बघ, केवढी दृष्ट होती!’ त्या सगळ्यात देवाचं नाव एकदाही नसायचं. देवघर दुसऱ्या खोलीत होतं आणि त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझरने 1900मध्ये हाच भेद मांडला: धर्मात माणूस कोणाची तरी विनवणी करतो, जादूत त्याला वाटतं की क्रिया नीट केली की परिणाम होणारच. तेव्हा ‘धर्माशिवाय जादू’ हे ऐकायला विचित्र वाटलं तरी त्यात विसंगती नाही.

आपली भाषाही हेच सांगते, आणि मला सगळ्यात गोड वाटते ती गोष्ट ही. ‘करणी’ हा शब्द ‘करणे’वरून आला. अथर्ववेदातली ‘कृत्या’, म्हणजे कुणाचं वाईट व्हावं म्हणून केलेला मंत्रप्रयोग, तीही ‘कृ’ धातूचीच. गोव्यात चारेक शतकं कानावर पडलेला पोर्तुगीज ‘फेइतिसु’ (म्हणजे जादू, मंतरलेली वस्तू) हा शब्दही मुळात ‘केलेला, बनवलेला’ अशाच अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. तीन भाषांनी जादूला नाव दिलं ते मानण्यावरून नाही, करण्यावरून. दुर्दैव एवढंच की मराठीत करणी नेहमी वाईटच असते. ‘तिने माझ्या परीक्षेसाठी करणी केली’ असं वाक्य होत नाही. ते झालं असतं तर ताईंचा प्रश्न तिथेच सुटला असता.

म्हणून मी जातो ‘यातु’कडे. फारसी ‘जादू’ आणि वैदिक ‘यातु’ हे एकाच घरचे. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातही ‘यातु’ आहे. म्हणजे जादू हा आपल्याकडे बाहेरून आलेला पाहुणा नाही, आपल्याच घरातला भाऊ इराणमार्गे आलाय. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ संतापून म्हणतो, ‘अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि’: मी यातुधान, म्हणजे जादू करणारा, असेन तर आजच मरो. यातुधान ही तेव्हाची शिवीच होती, हे लपवत नाही. पण बोलीतून तो शब्द गेला, त्याचा डंख गेला, आणि आपल्या लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ‘यातुविद्या’, ‘यात्वात्मक विधी’ असे शब्द रुळवले. ते वर्णन करतात, आरोप करत नाहीत.

आता ‘सेक्युलर’. ‘धर्मनिरपेक्ष’ आपण राज्याला म्हणतो; संविधानाच्या मराठी प्रास्ताविकेत तोच शब्द आहे. माणूस धर्मनिरपेक्ष म्हटला की तो सगळ्या धर्मांना सारखं वागवतो असा अर्थ होतो. ‘नास्तिक’ जवळचा वाटतो, पण मूळ शास्त्रीय अर्थाने नास्तिक म्हणजे वेदांचं प्रामाण्य न मानणारा. पूर्वमीमांसक, म्हणजे वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणारे पंडित, वेद मानतात, यज्ञाच्या फळासाठी त्यांना ईश्वराची गरज वाटत नाही. नीट केलेलं कर्म आपलं फळ आपणच देतं. अशांना आपल्या परंपरेत जुना, स्वच्छ शब्द आहे: निरीश्वर. मला तोच इथे चपखल वाटतो. विधी आहे, नेम आहे, देव नाही.

व्यक्तीसाठी ‘यातुसाधक’ म्हणा. ‘साधना’ शब्दाने दचकू नये. गवयी स्वरसाधना करतो तेव्हा कुणाची पूजा करत नसतो. पण ‘यातुसाधक’ एकदाच, पहिल्या परिच्छेदात. पुढे सरळ ‘विच’ ठेवा. ते तिने स्वतःला दिलेलं नाव आहे आणि तिचं नाव बदलायचा हक्क आपल्याला नाही.

ताई, तुमचं वाक्य मी असं लिहिलं असतं: ‘ती स्वतःला विच म्हणवते, म्हणजे निरीश्वर यातुसाधक. मेणबत्ती, मीठ, तमालपत्र यांचे विधी ती नेमाने करते, पण कुठल्या देवाला हात जोडत नाही.’ आणि फोनवर आईला सांगायचं असेल तर: ‘अगं, आपण दृष्ट काढतो ना, तसलंच काहीतरी ती नेमाने करते.’